आसन लावा मैया: ओंकारेश्वर ते धडगाव, 18 दिवस, दोघी आणि 500 रुपये

मी सहकारी बँकेत कॅशियर आहे, 19 वर्षं झाली. दिवसभर नोटा मोजायच्या, संध्याकाळी कॅश टॅली करायची, एक रुपया जास्त निघाला तरी तो कुणाचा आहे हे शोधल्याशिवाय घरी जायचं नाही. अशा माणसाला कुणाकडून काही फुकट घेणं जमतच नाही. शेजारणीने वाटीभर आमटी दिली की मी ती वाटी रिकामी परत करत नाही. हे आधी सांगतेय कारण या प्रवासात पाय दुखले, थंडी वाजली, ते सगळं झालं, पण खरं अवघड गेलं ते घेणं.

नर्मदा परिक्रमेचा एक टप्पा करायचा हे माझ्या आत्याच्या डोक्यातलं. आत्या 63 वर्षांची, मिरजेत अंगणवाडी सेविका होती, आता रिटायर. पूर्ण परिक्रमा शास्त्राप्रमाणे 3 वर्षं 3 महिने 13 दिवसांची, हल्ली चालणारे बरेच जण चार-सहा महिन्यांत करतात. मला रजा मिळाली 22 दिवसांची. म्हणून दक्षिण तटाने ओंकारेश्वरहून निघायचं, जमेल तितकं चालायचं, आणि जिथे थांबू तिथूनच पुढच्या वर्षी परत सुरू करायचं असं ठरलं. मी म्हटलं, पाच-सहा हजार जवळ ठेवू. आत्या म्हणाली, "पैसे घेऊन गेलीस तर तू गिऱ्हाईक होशील. गिऱ्हाईकाला कोण घरात घेतंय?" शेवटी दोघींत मिळून 500 रुपये, तेही औषधापाण्यासाठी. परतीचं भाडं वेगळ्या कापडी पुरचुंडीत घालून आत्याने तोंड शिवूनच टाकलं. खायला-प्यायला एक पैसा खर्च करायचा नाही, उद्याचं आज जमवून ठेवायचं नाही, आणि गाडीत बसायचं नाही.

दिवस 1 (3 जानेवारी 2025): ओंकारेश्वर ते मोरटक्का

मिरजेहून रेल्वेने खांडवा, तिथून बसने ओंकारेश्वर. सकाळी घाटावर संकल्प केला, छोट्या बाटलीत मैयाचं जल भरून घेतलं. नियम थोडक्यात सांगते: नदी कायम उजव्या हाताला ठेवायची, कुठेही ओलांडायची नाही, नदीत साबण लावायचा नाही. भेटेल त्याला "नर्मदे हर" म्हणायचं. तिकडे नदीला कुणी नदी म्हणत नाही, सगळे मैया म्हणतात, आणि चालणाऱ्या बाईलाही मैया किंवा माताजीच म्हणतात.

गावाबाहेर पडून तासभर झाला नसेल, एका टपरीवाल्याने हाक मारली, "मैया, चाय पीके जाओ." आम्ही बसलो, चहा प्यालो, आणि सवयीने माझा हात कनवटीला गेला. तो माणूस म्हणाला, "आप परिक्रमा में हो ना? फिर काहे का पैसा." बोलण्यात उपकार नव्हता, उलट मी काहीतरी चुकीचं केलं असा त्याचा चेहरा झाला. टपरीवर दूध दोन लिटरच होतं, मी पाहिलं होतं. त्यातले आमचे दोन कप. पुढचे दोन किलोमीटर मी त्या दोन कपांचाच हिशोब करत चालले होते.

12 किलोमीटर चालून मोरटक्क्याला आश्रमात मुक्काम. आत पाय ठेवला की पहिलं वाक्य येतं, "आसन लगा लो." म्हणजे तुमची वळकटी जिथे टाकाल ती जागा तुमची. नाव, गाव, जात, कशासाठी चाललात, काहीही न विचारता आधी आसन. मग चहा. मग "भोजन प्रसादी कितने बजे" ते सांगतात. सकाळच्या नाश्त्याला बालभोग म्हणतात. हे चार शब्द कळले की अर्धं काम झालं.

(जाणाऱ्यांसाठी: ओंकारेश्वरला परिक्रमेचं प्रमाणपत्र करून घ्या, आधार कार्डाची झेरॉक्स आणि दोन फोटो लागतात. पुढे आश्रमांत त्यावर शिक्के मारून देतात, काही ठिकाणी ते बघितल्याशिवाय मुक्काम देत नाहीत. ताट, मग, टॉर्च, जाड चादर आणि खाली टाकायला पातळ सतरंजी एवढं हवंच. पाठीवर सहा-सात किलोच्या वर नको, आम्ही दुसऱ्या दिवशी दीड किलो सामान आश्रमात ठेवून दिलं.)

दिवस 2 आणि 3: मिरच्या, टिक्कड आणि रावेरखेडी

निमाड, म्हणजे मध्य प्रदेशातला हा नर्मदाकाठचा भाग, जानेवारीत बघावा. पहाटे नदीवर धुकं इतकं की पलीकडचा काठ नाहीच, आणि दहा वाजता ऊन असं की स्वेटर कमरेला. बेडिया भागात शेतंच्या शेतं लाल, मिरच्या वाळत घातलेल्या. वाऱ्याची दिशा बदलली की आम्ही दोघी शिंकून हैराण, आणि मिरच्या निवडणाऱ्या बायका आमच्याकडे बघून हसायच्या आणि पाणी द्यायच्या.

दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा सदावर्त मिळालं. तयार जेवण नसेल तिथे शिधा देतात, त्याला सदावर्त म्हणतात: कणीक, तुरीची डाळ, मीठ, कागदाच्या पुडीत हळद-तिखट, दोन हिरव्या मिरच्या आणि आपल्याच मगात ओतलेलं चमचाभर तेल. एका ओसरीवरून ते घेताना मला हात पुढे करवेना. पदर पसरणं हा शब्द आपण किती सहज वापरतो, खरोखर पसरायची वेळ आली की हात जड होतो. आत्याने मात्र ओढणी पसरली, "नर्मदे हर" म्हणाली, शिधा देणाऱ्या बायकांकडे डोळे भरून बघितलं आणि म्हणाली, "सुखी राहा गं बायांनो." त्यांना मराठी कळलं नसेल पण त्यातल्या म्हाताऱ्या बाई आत जाऊन गुळाचा खडा घेऊन आल्या.

मग तीन दगडांची चूल. कणीक घट्ट मळायची, तळहाताएवढा जाड गोळा थापायचा, शेणीच्या निखाऱ्यावर ठेवून राखेतून उलटायचा. त्याला टिक्कड म्हणतात. वरून काळा पडला तरी आतून कच्चा राहतो म्हणून आत्याने त्याला मध्ये बोटाने भोक पाडलं. राख झटकून, डाळीत मोडून खाल्लं. त्या दिवशी 17-18 किलोमीटर झाले असतील, त्यामुळे चव कशी होती ते मी तटस्थपणे सांगू शकत नाही, पण ताट चाटून पुसलं होतं.

रावेरखेडीला तिसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. बाजीराव पेशव्यांचा मृत्यू इथे झाला, 28 एप्रिल 1740. काठावर साधी दगडी समाधी, भोवती तट, समोर संथ पाणी. तिथे कुणीच नव्हतं. आत्या पायरीवर बसून राहिली आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, "घरापासून केवढ्या लांब गं." आम्ही दोघी तेव्हा घरापासून लांबच होतो म्हणून असेल, मला एकदम भरून आलं. इतिहासाच्या पुस्तकात तारीख पाठ केलेली असते, पण उन्हाळ्याच्या भरात, तळावर, तापाने फणफणलेला 39 वर्षांचा माणूस, हे तिथे बसल्यावर कळतं. गावात एका घरी ताक-खिचडी मिळाली. ते घरमालक म्हणाले, पुण्याकडचे लोक गाडीने येतात, फोटो काढतात आणि लगेच जातात, जेवायला थांबत नाहीत. त्यांना त्याचं वाईट वाटत होतं.

दिवस 4 ते 6: बकावा, भट्याण, लेपा

बकाव्याला घराघरातून दगड घासण्याचा आवाज. नर्मदेतल्या दगडांची शिवलिंगं इथे घडवतात. एका कारागिराने अंगठ्याएवढं लिंग आत्याच्या हातात ठेवलं. वजन नको म्हणून मी कुरकुरले, तिने ते पूर्ण प्रवास ब्लाउजच्या खिशात बाळगलं.

भट्याणला सियाराम बाबांचा आश्रम. बाबा 11 डिसेंबरला, मोक्षदा एकादशीच्या दिवशी गेले, म्हणजे आम्ही पोचलो तेव्हा महिनाही झाला नव्हता. त्यांची ख्याती अशी की कुणीही कितीही मोठी रक्कम पुढे केली तरी 10 रुपये घ्यायचे, बाकीचे परत. आणि परिक्रमावासींना स्वतः किटलीतून चहा द्यायचे. मी बँकेतली बाई, मला ते 10 रुपये फार विचार करायला लावून गेले. पूर्ण नाकारलं तर देणाऱ्याचा हात तसाच राहतो. सगळं घेतलं तर देणारा मोठा होतो. 10 रुपयांत लखपती आणि मजूर एका ओळीत. आश्रमात चहा मिळाला, आम्ही 500 मधले 10 पेटीत टाकले.

लेप्याला नाशिकच्या भारती ठाकूर यांनी उभं केलेलं काम बघितलं. त्या स्वतः परिक्रमा करून गेल्या आणि मग याच भागातल्या मुलांसाठी परत येऊन राहिल्या. तिथे मराठी ऐकून आत्याला इतका आनंद झाला की ती संध्याकाळभर मुलांना गाणी शिकवत बसली, अंगणवाडीतली, हातवारे करून. मी भांडी घासली. हे मला त्या दिवशी सुचलं आणि पुढे रोज केलं: जेवलं की पंगतीची भांडी घासायला बसायचं, किंवा भाजी निवडायची. कुणी नको म्हणत नाही. त्याने फेड होत नाही, तसं समजू पण नये, पण हात मोकळे राहत नाहीत.

दिवस 7: समोर महेश्वर

नावडातोडीच्या शालिवाहन मंदिरापाशी मुक्काम, आणि बरोब्बर समोर महेश्वर. अहिल्यादेवींचा वाडा, घाट, संध्याकाळचे दिवे, सगळं दिसतंय आणि जाता येत नाही, कारण नदी ओलांडायची नाही. नावाडी विचारत होता, "मैया, उस पार?" आम्ही मान हलवली. मी महेश्वरला दोनदा गेलेय, साड्या घेतल्यात, पण असं समोर बसून दोन तास कधी बघितलं नव्हतं. अहिल्यादेवींनी देशभर वाटसरूंसाठी घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रं केली हे आपण शाळेत एका ओळीत वाचतो. गेल्या सहा दिवसांत सदावर्त हा शब्द मी रोज वापरत होते, त्या शब्दाच्या मागे राज्य चालवणारी एक बाई पण आहे हे त्या दिव्यांकडे बघताना जाणवलं. रात्री कढी-खिचडी, झोप गाढ.

दिवस 8: जिथे जागा मिळाली नाही

खलघाटला हायवेचा पूल. सात दिवस नदीचा आवाज ऐकल्यावर ट्रकचे हॉर्न कानात घुसतात. पूल मागे टाकून पुढे चालत राहिलो, आणि संध्याकाळी एका आश्रमात पोचलो तर सगळा हॉल भरलेला. आपल्याकडचीच बस होती, 50 एक लोक, बसने परिक्रमा करणारे. व्यवस्थापक म्हणाले जागा नाही, ओसरीवर पण नाही. आत्याचा गुडघा सुजलेला. बसमधल्या कुणाला तरी वाटेल सरकून घेऊ, असं मला वाटलं होतं, कुणी उठलं नाही. गरम पाण्याची चौकशी मात्र चालू होती.

हे लिहू की नको असा विचार केला, पण लिहितेच. बसने परिक्रमा करण्यात काही वाईट नाही, वय असतं, आजार असतो. पण ज्यांच्याकडे पैसे आहेत, गाडी आहे, त्यांनी पुढच्या गावात लॉज घ्यावा. ही आसनं चालणाऱ्यांसाठी आहेत, आणि ती ज्या धान्यावर चालतात ते कुणीतरी स्वतःच्या शेतातून पोतं-पोतं आणून टाकलेलं असतं. राहिलात तर निदान पेटीत लॉजच्या भाड्याएवढे टाका.

आम्हाला त्या रात्री शाळेच्या व्हरांड्यात जागा मिळाली. समोरच्या घरातली सून, विशी-बाविशीची, कडेवर मूल, ती न बोलता घमेल्यात निखारे घेऊन आली आणि आत्याच्या पायाशी ठेवून गेली. परत आली तेव्हा एरंडाची पानं तेल लावून गरम केलेली. गुडघ्याला बांधली. तिसऱ्यांदा आली तेव्हा ताट. सकाळी सूज निम्मी होती.

दिवस 9 ते 11

कापूस, केळी, परत कापूस. पायाला तीन फोड, क्रेप बँडेज आणि मलम 130 रुपये. एका चांभाराने आत्याची तुटलेली सँडल शिवून दिली, पैसे घेतले नाहीत, फक्त म्हणाला, "मैया को मेरा नाम बोल देना." नाव सांगितलं नाही, आम्ही पण विचारायचं विसरलो. आत्या म्हणाली, मैयाला माहितीये.

दहाव्या दिवशी दुपारी रस्ता चुकलो, दोन वाजून गेले, काहीच खाल्लेलं नव्हतं. शेतात कापूस वेचणारी एक बाई बांधावर जेवायला बसत होती. तिच्या फडक्यात दोन ज्वारीच्या भाकरी, एक कांदा, तिखटाचा गोळा. तिने आम्हाला बघितलं, फडकं उलगडलं आणि मोजायला लागली. म्हणजे बोटांनी नाही, डोळ्यांनी. मग एक भाकरी काढून त्याचे दोन अर्धे केले आणि आम्हाला एकेक दिला. एक पूर्ण भाकरी स्वतःला ठेवली कारण तिला अजून अंधार पडेपर्यंत वेचायचं होतं. मला ते फार बरोबर वाटलं. सगळं देऊन टाकलं असतं तर माझ्या घशाखाली उतरलं नसतं. आम्ही तिघी एका बांधावर बसून जेवलो आणि नंतर तासभर तिच्याबरोबर कापूस वेचला. बोंडाची टोकं नखात घुसतात, तासाभरात माझी बोटं रक्ताळली. ती दिवसभर करते.

दिवस 12: संक्रांत, राजघाट

बडवानीजवळचा जुना राजघाट सरदार सरोवराच्या पाण्यात गेला. इथे गांधीजी, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांच्या अस्थींचं स्मारक होतं, ते 2017 मध्ये हलवलं. पाण्यातून झाडांचे वाळलेले शेंडे वर आलेले दिसतात. संक्रांतीची स्नानं चालू होती, भरपूर गर्दी, आणि जो तो तिळाचे लाडू हातात देतोय. आमच्याकडे ओटी भरून लाडू झाले. उद्याचं ठेवायचं नाही हा नियम, म्हणून संध्याकाळपर्यंत आम्ही पण वाटत सुटलो. 12 दिवसांत पहिल्यांदा आमच्या हातून कुणालातरी काही गेलं. आत्या लहान मुलीसारखी खूष होती.

झाडीत शिरण्याआधी

यापुढे शूलपाणीची झाडी, म्हणजे सातपुड्याचा डोंगराळ आदिवासी भाग. जुन्या परिक्रमेच्या गोष्टींत इथले आदिवासी, ज्यांना "मामा" म्हणतात, ते चालणाऱ्यांना लुटायचे, अंगावरचे कपडेसुद्धा घ्यायचे. लोक अजून तेच सांगून घाबरवतात. आम्हाला असं काहीही झालं नाही, आणि मला ती गोष्ट आता तशी सांगितलेली आवडत पण नाही. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली 33 गावं बाधित झाली, गुजरातची 19, मध्य प्रदेशची तर 190 च्या वर. काठची काळी जमीन पाण्याखाली गेली आणि माणसं वर डोंगरावर सरकली नाहीतर लांब पुनर्वसनात गेली. जुनी वाट पण बुडाली, म्हणून परिक्रमावासी आता वरून, त्यांच्या दारातून जातात. आणि ते दारात थांबवून जेवायला घालतात.

काही कामाच्या गोष्टी: पाटी गावानंतर दुकानं फारशी नाहीत, औषधं आधीच घ्या. फोनला कित्येक तास रेंज नसते, घरी तसं सांगून ठेवा. दुपारी चारनंतर पुढच्या चढाला लागू नका, मुक्काम मागा. थंडी निमाडपेक्षा बरीच जास्त. बायकांनी अंघोळ पहाटे उजाडायच्या आत उरकावी, वाटेतली घरं आडोसा करून देतात, विचारायला लाजू नका. आणि हात जोडून सांगते, मुलांना चॉकलेट आणि सुट्टे पैसे वाटू नका. रस्त्यावर मुलं धावत येतात, "नर्मदे हर, चॉकलेट", हात पुढे. ही सवय आपण लावलीये. ज्या घरांत कुणी कुणापुढे हात पसरत नाही तिथली मुलं आपल्यामुळे हात पसरायला शिकली. द्यायचंच तर शाळेत मास्तरांकडे वह्या द्या.

दिवस 13 ते 15: पाटी, बोकराटा, भादल

चढ, उतार, चढ. सागाची मोठी पानं पायाखाली कुरकुरतात, त्याचा आवाज एवढा की आपल्या मागे कुणीतरी येतंय असं वाटत राहतं. बोकराट्याच्या अलीकडे एक आजोबा अर्धा तास आमच्यापुढे चालत राहिले, एका फाट्यावर हाताने वाट दाखवली आणि आल्या पावली मागे फिरले. त्यांना तिकडे जायचंच नव्हतं. भादलला आश्रम आहे, तिथे रात्री आम्ही 11 जण, शेकोटीभोवती. एक मुलगा बेळगावचा, नोकरी गेलेली, पाच महिने चालतोय. एक गृहस्थ बायको गेल्यावर निघालेले. कुणी फार बोललं नाही. पहाटे ताटातलं पाणी बर्फासारखं गार.

दिवस 16: खापरमाळच्या पुढचा पाडा

सीमेवरची छोटी नदी ओलांडून महाराष्ट्रात आलो. (नर्मदा ओलांडायची नसते, उपनद्या चालतात.) खापरमाळच्या पुढे आत्याचा गुडघा परत बोलायला लागला आणि ऊन उतरलं. डोंगराच्या सोंडेवर एकच घर दिसलं. कुडाच्या भिंती, वर कौलं, अंगणात मक्याची कणसं टांगलेली. "नर्मदे हर" म्हणून उभ्या राहिलो. म्हातारा बाहेर आला, काही न बोलता घरातली बाज काढून अंगणात टाकली.

घरात म्हातारा, म्हातारी आणि आठ-नऊ वर्षांची नात. म्हातारी तापातून नुकतीच उठलेली, डोक्याला फडकं. त्यांची भाषा आम्हाला कळत नव्हती, नात शाळेत जाते, तिचं मराठी स्वच्छ. तिचे आई-वडील ऊसतोडीला गुजरातेत, बारडोलीकडे. या भागातली कितीतरी घरं दिवाळीनंतर अशीच अर्धी होतात.

म्हातारीने मक्याची भाकरी थापली, दोन्ही हातांच्या मध्ये, पाट-बिट काही नाही, आणि मातीच्या तव्यावर टाकली. उडदाची डाळ शिजत होती. तिने फडताळातून एक डबा काढला, त्यातून आमचूर काढून डाळीत टाकला, आणि डबा पुन्हा घट्ट लावून ठेवला. घरात ताटं दोनच होती. ती आमच्यापुढे आली. म्हणजे आमचं झाल्याशिवाय ते तिघं जेवणार नव्हते, म्हणून मी भराभर खायला लागले, तर नात म्हणाली, "आजी म्हणते सावकाश खा, भाकरी आहेत." चार भाकरी झाल्या माझ्या. आंबट, दाट, लसणाची डाळ. एवढ्या दिवसांत इतक्या ठिकाणी जेवले पण जीभ त्या डाळीपाशीच थांबलीये.

रात्री आम्हाला घरात, चुलीजवळ जागा दिली. म्हातारा शेळ्यांपाशी झोपला. एक काळी शेळी दोनच दिवसांपूर्वी व्यालेली होती, पिल्लं रात्रभर ओरडत होती.

सकाळी मी 200 रुपये काढले होते, हातात दाबून ठेवले होते. कसे द्यावे ते सुचत नव्हतं. तेवढ्यात म्हातारीने नातीला काहीतरी सांगितलं. नात मला दाराच्या चौकटीपाशी घेऊन गेली. तिथे कोळशाने एक मोबाईल नंबर लिहिलेला होता, मोठ्या अक्षरात, पुसट झालेला आकडा परत गिरवलेला. "धडगावला रेंज आहे. माझ्या बाबांना फोन लावाल?" मी वहीत नंबर उतरवला. निरोप तिने सांगितला आणि मी शब्दशः लिहून घेतला: आजीचा ताप गेला. काळ्या शेळीला दोन पिल्लं झाली, एक पाट (मादी) आहे. मग ती थांबली, आजीकडे बघितलं, आणि स्वतःचं घातलं: माझा पुढचा दात पडला.

नोट मी परत कनवटीला खोचली. ती देऊन फिटेल असं त्या घराने माझ्याकडे काही मागितलंच नव्हतं.

दिवस 17 आणि 18: बिलगाव, धडगाव

बिलगावला उदई नदीचा धबधबा, जानेवारीतही पाणी. इथल्या लोकांनी 2003 मध्ये श्रमदानाने स्वतःचा छोटा वीज प्रकल्प उभा केला होता, घराघरात दिवा लागला होता, 2006 मध्ये तो पाण्यात गेला. ज्यांच्याकडे आम्ही उतरलो त्यांनी हे दिवे दाखवावेत तसं सांगितलं, कुठून तार यायची, कुठल्या घरात पहिला बल्ब लागला. जेवायला अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी, मराठी मुलखात आल्याची खूण.

शेवटचा दिवस लांबचा. आत्या काठी टेकत, मी तिचं ओझं घेऊन. अंधार पडता पडता धडगाव. बाजार, दिवे, वडापावचा वास, आणि मला उगीचच बुजल्यासारखं झालं. इथे टप्पा संपवला. हिशोब लिहून ठेवते कारण लोक विचारतात: 500 मधले औषधांना 130, ठिकठिकाणच्या पेट्यांत 90, बाकीचे 280 धडगावला पुढच्या आश्रमासाठी निघालेल्या एका परिक्रमावासीकडून डाळ-तेल पाठवण्यात. परतीची पुरचुंडी आत्याने दाताने उसवली.

पण त्याआधी, गावात शिरताच, रेंजच्या दोन काड्या दिसल्या तिथेच रस्त्याच्या कडेला बसून मी फोन लावला. बऱ्याच वेळ वाजला. मग कुणीतरी उचलला, मागे ट्रॅक्टरचा आवाज, माणसांचा कालवा. मी कोण ते सांगितलं आणि वही उघडून निरोप वाचला, अक्षर न् अक्षर. पलीकडे शांत. मला वाटलं कट झाला.

"कुठला दात?" त्याने विचारलं.

"पुढचा. वरचा."

त्याने बाजूला कुणाला तरी सांगितलं, एका बाईचा हसल्याचा आवाज आला.

"तुम्ही आमच्याकडे जेवलात ना?"

"जेवलो. मक्याची भाकरी, उडदाची डाळ."

"डाळीत आमचूर होता?"

"होता."

"तो आमच्या झाडाचा आहे," तो म्हणाला. "दाराच्या मागे आंबा आहे बघा, त्याचा."